कट्ट्यावर कोणतं पुस्तक न्यावं?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ५९ वर्षांच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या आणि शाळेपासून वाचनाचं वेड असलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सोसायटीतल्या मैत्रिणींना जमवून वाचनकट्टा सुरू केला; आता त्यात त्यांना धरून नऊ जणी आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी एका पुस्तकावर गप्पा होतात. पुस्तक बहुतेक वेळा त्याच सुचवतात, ऐतिहासिक कादंबरी नाहीतर आत्मचरित्र. पहिलं वर्ष छान गेलं. मग इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका कट्ट्यात आल्या आणि माधवराव पेशव्यांवरच्या ‘स्वामी’ कादंबरीवर बोलताना म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यांना कल्पित गोष्टी इतिहास म्हणून वाचायला देता.” पुढे सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ घेतलं, तर दोघी म्हणाल्या की घरातली धुणी चव्हाट्यावर धुणारी पुस्तकं आम्हाला नकोत. नंतर बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ हे दलित आत्मकथन झालं. “त्या समाजातली आमच्यात एकच मैत्रीण आहे, तिला हे विशेष आवडेल असं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून ती आलेली नाही, तब्येत बरी नसावी,” असं त्या लिहितात. कट्टा बंद करावा असं आता त्यांच्या मनात येतं. प्रश्न असा : ज्यात खोटं काही नाही आणि ज्याने कोणी दुखावणार नाही, अशी अलीकडची दहा पुस्तकं सुचवाल का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनातच मनात यादी तयार होऊ लागली होती. सव्वीस वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे काढली मी. कोणी पुस्तक विचारलं की हात आपोआप कपाटाकडे जातो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ‘तब्येत बरी नसावी’ या शब्दांपाशी अडखळले. त्यांच्याकडे येतेच, पण आधी प्राध्यापिकाबाईंचं बोलणं घेऊ, कारण ते तुम्हाला फार लागलेलं दिसतं.

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते मान्य करायला आपण कचरू नये. माधवराव पेशवे १७६१ साली गादीवर बसले तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले, हे कागदपत्रांत आहे. रमाबाई सती गेल्या, हेही आहे. पण थेऊरच्या त्या खोलीत नवराबायको एकमेकांशी काय बोलले, याचा कागद कोणाच्याही दप्तरात नाही. ते रणजित देसाईंनी १९६२ साली लिहिलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींना माधवराव भेटले ते याच पानांतून, आणि थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेल्यावर आम्ही त्या वाड्याकडे बघत डोळे पुसले. ते अश्रू खोटे नव्हते. पण म्हणून तो संवाद माधवरावांच्या तोंडचा ठरत नाही. एवढा फरक कट्ट्यावर मोकळेपणाने बोलला गेला असता, तर मला वाटतं बाईंची तक्रार तिथेच निवली असती.

उरलेलं अर्धं त्यांना सांगायचं असेल तर संभाजीराजांचं उदाहरण सांगा. जुन्या नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी त्यांना व्यसनी, उतावळा, बापाचं राज्य घालवणारा मुलगा करून टाकलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० साली त्यांचं चरित्र छापलं, तेव्हा ते चित्र पालटायला लागलं. पुढे डॉ. कमल गोखल्यांच्या संशोधनाने त्याला बळ दिलं. ‘छावा’ आली ती त्यानंतर, १९७९ साली. संशोधकांनी खोदून काढलेला राजा घरोघरी पोचवला तो कादंबरीने. म्हणजे कादंबरीकाराने आधी बदनामी पसरवली आणि नंतर तीच धुवायलाही कादंबरीकारच उपयोगी पडला. कादंबरी खोटी की खरी यापेक्षा, ती लिहिताना लेखकाच्या टेबलावर कोणते कागद होते, हे विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं. कट्ट्यावर हे विचारायला सगळ्यात लायक कोण असेल, तर त्या प्राध्यापिकाबाई! तुम्ही त्यांना टीकाकार समजून बसला आहात. पुढच्या ऐतिहासिक कादंबरीच्या वेळी शेवटची वीस मिनिटं त्यांच्याकडे सोपवा आणि आधीच सांगून ठेवा : यातलं कागदावरचं काय आणि मनातलं काय, ते आम्हाला दाखवा. बहुधा त्यांना तेच हवं होतं आणि कोणी विचारलं नाही.

मी स्वतः गेली कित्येक वर्षं एक सवय पाळते. ऐतिहासिक कादंबरी एकटी घरी नेत नाही. सोबत त्या काळात जगलेल्या माणसाचं काहीतरी असतं. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) तुमच्या कट्ट्याने वाचली असेलच. तिच्या जोडीला नाना फडणीसांचं छोटंसं आत्मचरित्र वाचा. हो, तेच नाना. १४ जानेवारी १७६१ ला ते जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि आई व बायकोसह लष्कराबरोबर होते. घोडा सोडून, अंगावरचे कपडे उतरवून, उपाशीतापाशी ते चालत सुटले. आई त्या गर्दीत गेली ती गेलीच. मोजक्याच पानांचा मजकूर आहे. त्यात स्वतःच्या तरुणपणातल्या चुकाही ते कबूल करतात. पुढे सगळ्या हिंदुस्थानाने ज्याच्या बुद्धीचा धाक घेतला, तो माणूस इथे आईला हरवून बसलेला पोरगा आहे. आधी कादंबरीतले तोफांचे आवाज ऐकून मग ही पानं वाचली, तर कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोलणार नाही. माझ्या वाचनालयात तसं झालं होतं.

१८५७ साठी तर मी कादंबरी सुचवतच नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, शहर पडल्यावरची कत्तल, सगळं त्यांनी लपूनछपून आत राहून पाहिलं. मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला, आणि घरी आले ते आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड घेऊन. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला. ते पुस्तक घेताना आवृत्ती मात्र बघा. वैद्यांनी मजकूर आपल्या हाताने नीटनेटका केला होता. भटजींनी लिहिलेला मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी हस्तलिखितावरून १९६६ साली प्रसिद्ध केला. दोन्ही शेजारी ठेवून दहा पानं वाचली तरी पुरे.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तुमच्या पत्रात एक गृहीतक न बोलता बसलेलं आहे : कादंबरी कल्पित आणि आत्मचरित्र खरं. ताई, आत्मचरित्रालाही हात लागतात. संपादकाचे लागतात आणि सगळ्यात जास्त लिहिणाऱ्याचे स्वतःचे. बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’चंच बघा. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या सामानाच्या पुड्यांच्या कागदावर लिहीत आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते लपवून ठेवत. वीस वर्षं ते तसंच राहिलं. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला म्हणून ते ‘स्त्री’ मासिकात आणि मग १९८६ साली पुस्तकात आलं. त्यात महारवाड्याचं सगळं आहे : भूक, देवाला सोडलेली मुलं, सासुरवास, बाबासाहेबांच्या शब्दांनी उठलेली माणसं. नवऱ्याची मारहाण मात्र नाही. ती त्यांनी नंतर, एका मुलाखतीत विचारल्यावर सांगितली. त्यांना समाजाचं सांगायचं होतं, स्वतःचं नव्हतं. मग ते पुस्तक अपुरं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. पण ‘यात काही खोटं नाही’ या तुमच्या कसोटीला ते उतरतं की नाही, याचं उत्तर तुम्हालाही चटकन देता येणार नाही. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये ही अडचण उघडच मांडली होती : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, एकच माणूस दोन नावांनी समोरासमोर बसतो. १९७८ साली असं कोणी करून दाखवलं, हे मला आजही थोर वाटतं.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. सुनीताबाईंचं पुस्तक १९९० साली आलं तेव्हाही हेच म्हटलं गेलं आणि माझ्या टेबलावरून ती प्रत वर्षभर कपाटात परतली नाही; एकीच्या हातून दुसरीच्या हातात जायची. ज्या दोघींनी तक्रार केली त्यांना पुस्तक आवडलं नाही, की त्यातलं काही फार जवळचं वाटलं, हे त्यांच्या दोघींमध्येच राहू द्या. नवरा थोर आणि लाडका असला तरी बायकोला तिच्या हिशेबाची वही असू शकते, एवढंच ते पुस्तक म्हणतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त तीच वही हसतखेळत उघडली. पती धर्मांतर करून गेले, काही वर्षं त्या एकट्या राहिल्या, मग स्वतःच्या पायांनी त्यांच्यामागे गेल्या. पण हसू आलं म्हणून त्यातलं दुःख हलकं होत नाही. आणि हे कळायला मला तीन वाचनं लागली.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येते.

तुम्ही लिहिलंय, “त्या समाजातली आमच्यात एकच मैत्रीण आहे, तिला हे विशेष आवडेल असं वाटलं होतं.” या वाक्यात तुमचं प्रेम आहे, ते मला दिसतं. पण त्या शनिवारी काय घडलं असेल, ते तिच्या खुर्चीवर बसून बघा. नऊ जणी गोल बसल्या आहेत. एकेक जण म्हणते, “किती सोसलं हो यांनी,” “आपल्याला कल्पनाही नव्हती.” आणि प्रत्येक वाक्यानंतर एकदोन नजरा तिच्याकडे वळतात. कोणी विचारलंही असेल, “तुमच्याकडे होतं का असं?” बाकी आठ जणी पुस्तकावर बोलायला आल्या होत्या, तिला साक्ष द्यायला बसवलं गेलं. तुमच्यापैकी ब्राह्मण घरातल्या कोणाला ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर “तुमच्या घरी सोवळ्याचं असं वेड होतं का हो?” असं सगळ्यांच्या देखत विचारलं गेलं का? बहुधा नाही.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. वाचनालयात असताना मीही हेच केलं. एक शाळकरी मुलगी यायची, अत्यंत अधाशी वाचक. तिचं आडनाव बघून मी तिच्या हातात एकामागून एक दलित आत्मकथनं ठेवत गेले. ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘अक्करमाशी’. एक दिवस ती म्हणाली, “बाई, मला शेरलॉक होम्स द्या ना.” मी होम्स दिला, पण मला लाज वाटली ती आजवर गेलेली नाही. तिला तिच्या वयाचा रहस्याचा आनंद हवा होता, आणि मी तिला तिच्या जातीचा आरसा देत बसले होते. तो आरसा खरं तर माझ्या वयाच्या, माझ्या आळीतल्या वाचकांना द्यायला हवा होता. म्हणून पुस्तकं थांबवू नका. ‘जिणं आमुचं’ तुमच्या कट्ट्यावर यायलाच हवं होतं. फक्त ते वाचून प्रश्न एकमेकींना विचारायचे होते : आमच्या आजीच्या घरी ताकाचं भांडं वेगळं कोणासाठी होतं? आमच्या गावात महारवाडा कुठे होता आणि आम्ही तिकडे कधी गेलो का? तुम्ही आठ जणी या प्रश्नांवर बोलल्या असतात, तर नवव्या मैत्रिणीला बोलायचं की ऐकायचं, हे तिचं तिला ठरवता आलं असतं.

‘कोणी दुखावणार नाही असं पुस्तक’ हे तुम्ही मागितलं आहे, आणि तसं पुस्तक मी देऊ शकत नाही. ‘स्वामी’सुद्धा निरुपद्रवी नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्या आपण अभिमानाने वाचतो. बंगालात अजून एक अंगाई गातात : बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता खंडणी कशी भरू? बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ साली त्यावर ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) वाचाल तर थोरांच्या दरबाराबाहेरून तो काळ दिसेल. तिचा निवेदक कोणी महापुरुष नाही, आणि म्हणूनच त्याचं ऐकावंसं वाटतं.

अलीकडची पुस्तकं तुम्ही मागितली आहेत. रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) एका मराठा कुळाच्या कित्येक पिढ्यांमधून काही शतकं चालत येते. जाड आहे, एका महिन्यात उरकायची नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ठेवा. ती वाचताना आपापल्या घराण्याच्या शुद्धतेच्या गोष्टी थोड्या डळमळतात, आणि ते बरं आहे. शरणकुमार लिंबाळ्यांची ‘सनातन’ (२०१८), जिला सरस्वती सन्मान मिळाला, तोच इतिहास महारवाड्यातून बघते. महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ सोळाव्या शतकातल्या गोव्यात, पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळात घडते. तिथल्या गावातली माणसं मला अजून आठवतात. आत्मचरित्रांत सई परांजप्यांचं ‘सय’ घ्या, प्रसन्न आहे, आणि कामात बुडालेल्या बाईचं आहे. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) थोडं जुनं, पण माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या आत्मकथनांपैकी एक. कोकणातली आई बांबूच्या पाट्या विणते आणि मुलगी शब्द, आणि लेखिका स्वतःलाही सोडत नाही. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) मराठी वाचकांनी विसरता कामा नये. हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध सात स्त्रियांचा मोर्चा नेला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या घरातला स्वयंपाक, आजारपण, पैशाची ओढाताण यांचं कोण सांगणार? ते या पुस्तकात आहे. ही दहा नाहीत, आणि दहा करायच्या फंदात मी पडत नाही.

कट्टा चालवण्याबद्दल दोनतीन गोष्टी, ज्या तुमच्यासारखे कट्टे चालवणाऱ्या इतरांनाही कामी येतील. पुस्तक दर वेळी तुम्हीच सुचवू नका. पाळी लावा, आणि ज्या म्हणतात “मला काही कळत नाही” त्यांची पाळी आधी. नऊ प्रती विकत घेण्याची गरज नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला महिनाभर आधी सांगितलं तर दोनतीन प्रती जमवून देतात. ज्यांच्या डोळ्यांना त्रास होतो त्यांनी ऐकलेलं पुस्तक वाचलेलंच धरा. आणि प्रस्तावना गाळू नका. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. पूर्ण कादंबरी वाचायला जमली नाही तरी एका शनिवारी तेवढंच मोठ्याने वाचलंत, तर ऐतिहासिक कादंबरी कशी बघावी यावर प्राध्यापिकाबाईंसकट सगळ्या जणी रात्रीपर्यंत उठणार नाहीत.

कट्टा बंद करू नका. पण पुढच्या शनिवारच्या आधी मैत्रिणीकडे जाऊन या. फोन नको, प्रत्यक्ष जा, एकट्याच जा. तब्येत विचारा, कारण ती खरंच बिघडलेली असू शकते. नसेल तर त्या दिवसाबद्दल तुम्हाला काय वाटतंय ते साधेपणाने सांगा, आणि मग तिला बोलू द्या. तिने काहीच न बोलता फक्त चहा दिला, तरी चालेल. सोबत पुस्तक नेऊ नका. निघताना विचारा की हल्ली ती काय वाचते आहे, आणि तिने कुठलंही नाव सांगितलं, रहस्यकथेचं, पाकक्रियेचं, कसलंही, तर ते आधी तुम्ही वाचा.

तुमची,
सदरलेखिका